आजीचं तिकीट काढताय? 'ती' टिक विसरू नका!

घरात विमानाचं तिकीट कोण काढतं? बहुतेक घरांत उत्तर एकच. ज्याच्या हातात सतत मोबाइल असतो, तो. म्हणजे तुम्ही! आजीला पुण्याला काकांकडे जायचंय, आबांना बेंगळुरूला ताईकडे. ॲप उघडायचं, स्वस्तातली फ्लाइट शोधायची, पैसे भरायचे, पीडीएफ फॅमिली ग्रुपवर टाकायची. झालं काम!

पण त्याच स्क्रीनवर कुठेतरी 'स्पेशल असिस्टन्स' नावाचा पर्याय असतो. आपण तो न वाचताच पुढे जातो. आजीचा प्रवास सुखाचा होणार की पाय ओढत होणार, हे मात्र बरंचसं तिथेच ठरतं.

मुंबईत काय झालं?

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने एक वृद्ध जोडपं मुंबईत उतरलं. दोघांनीही व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. प्रत्यक्षात आली एकच. तिच्यावर पत्नी बसली. मागणी खूप असल्याने त्यांना थांबायला सांगितलं होतं, पण त्यांनी पत्नीसोबत चालत जाणं पसंत केलं, असं कंपनीने नंतर म्हटलं. तेव्हाच्या बातम्यांनुसार ते सुमारे दीड किलोमीटर चालले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले. त्यांचा जीव वाचला नाही. वय होतं ८० वर्षं.

विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या 'डीजीसीए'ने या प्रकरणात एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड केला. पुरेशा व्हीलचेअर ठेवा, असं सगळ्याच विमान कंपन्यांना बजावलं.

अनोळखी जागा, रात्रभराचा प्रवास, आणि बायकोची खुर्ची पुढे निघालेली. अशा वेळी ८० वर्षांचा माणूस मागे एकटा थांबेल का? आपले आबा थांबले असते का?

'मले काय झालं बाप्पा?'

व्हीलचेअरचं नाव काढलं की घरोघरी पहिला विरोध होतो तो आजी-आबांचाच. 'मले काय झालं बाप्पा? पाय धड हायेत माहे!' त्यांच्या डोक्यात व्हीलचेअर म्हणजे आजारपण. लोक काय म्हणतील, ही भीती वेगळीच.

इथे तुमचं काम सुरू होतं. आजी घरात चालते, मंदिरात जाते, भाजी आणते, हे खरंच. पण विमानतळावर चालणं वेगळं असतं. चेक-इनची रांग, सुरक्षा तपासणीची रांग, मग गेट. आपल्या सोनेगावचं विमानतळ आटोपशीर आहे, त्यामुळे 'इथे कशाला?' असं वाटतं. पण विमान उतरणार दिल्लीच्या नाहीतर मुंबईच्या टर्मिनलवर! तिथे गेटपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंतच दमछाक होते. नागपुरातही विमान एरोब्रिजला लागलं नाही, तर जिना उतरून बस गाठायची. मे महिन्याच्या दुपारी हे काय असतं, ते नागपूरकरांना सांगायला नको.

तेव्हा 'तुला चालता येत नाही म्हणून' असं म्हणूच नका. 'लांब चालावं लागतं म्हणून' असं म्हणा. वाक्य बदललं की बरेचदा होकार मिळतो.

कोणती व्हीलचेअर?

व्हीलचेअरच्या विनंतीचे तीन प्रकार असतात. थोडं चालता येतं, जिनाही चढता येतो, पण लांबचं अंतर झेपत नाही, त्यांच्यासाठी 'डब्ल्यूसीएचआर'. चालता येतं, पण जिना जमत नाही, त्यांच्यासाठी 'डब्ल्यूसीएचएस'. अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं, त्यांच्यासाठी 'डब्ल्यूसीएचसी'.

आजीचे गुडघे जिन्यावर बोलत असतील आणि तुम्ही पहिला प्रकार निवडला, तर ऐनवेळी तिला विमानाचा जिना चढावा लागू शकतो. म्हणून टिक करण्याआधी तिलाच विचारा, 'आजी, जिना जमतो का गं?'

ही सेवा मोफत आहे. खुर्ची ढकलणाऱ्याला खुशीने काही द्यायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. तो मागू शकत नाही. आणि हो, तो बरेचदा तुमच्याच वयाचा असतो. 'ए, इकडे ये' ऐवजी 'दादा' म्हटलं तर बिघडत नाही.

गरज नसताना?

रांग चुकते म्हणून ठणठणीत माणसांनी व्हीलचेअर मागण्याचे प्रकारही होतात. खुर्च्या आणि माणसं मोजकीच असतात. एकाने उगाच घेतली की दुसऱ्या कुणाला थांबावं लागतं. तो दुसरा कुणाचा तरी आजोबा असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

निघण्याआधी एवढं करा

- विनंती उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी नोंदवा. तिकिटावर ती दिसते का, बघा. दिसत नसेल तर कंपनीला फोन करा.
- विमान बदलायचं असेल तर दोन्ही प्रवासांसाठी नोंद झाली आहे का, ते तपासा. मधला वेळ भरपूर ठेवा.
- आजी-आजोबा दोघं जात असतील तर दोघांसाठी वेगवेगळी विनंती करा.
- विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोहोचा. बिना तिकिटाचं आपल्याला आत जाता येत नाही, म्हणून गेटवरच मदतनीस मागा किंवा कंपनीच्या काउंटरवर सांगायला लावा.
- औषधं, चष्मा, पाणी आणि नेणाऱ्या-आणणाऱ्यांचे फोन नंबर हातातल्या पिशवीत ठेवा. नंबर कागदावर, मोठ्या अक्षरांत लिहा.
- अडचण आलीच तर आधी कंपनीकडे आणि नंतर सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करा.

शेवटची सूचना तिकिटात नाही, आजी-आबांच्या कानात घालायची आहे. व्हीलचेअरवाल्यांना सहसा सगळ्यात शेवटी उतरवतात. विमान रिकामं होतं, हवाई सुंदरी आवराआवर करू लागते आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपण विसरलो गेलो. मग ते उठतात आणि चालायला लागतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, 'खुर्ची येईपर्यंत उठायचं नाही. दोघांना दोन आल्याशिवाय निघायचं नाही. बाहेर उशीर झाला तरी चालेल, आम्ही थांबलोय.'

टिक तुमच्या हातात आहे. पण हे वाक्य तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कोणतंही ॲप सांगणार नाही.