शालेय कर्मचाऱ्यांसाठी वर्तन-विश्लेषणाचे प्रशिक्षण : तंत्र आणि कर्तव्यमर्यादा

वर्गातील एखादे मूल वही भिरकावते, बाक सोडून पळते किंवा गणिताचा तास सुरू होताच रडू लागते. अशा वेळी त्याला ‘द्वाड’ अथवा ‘हट्टी’ असे विशेषण लावून आपण मोकळे होतो. परंतु विशेषणाने प्रश्न सुटत नाही. मूल असे केव्हा वागते आणि तसे वागल्याने त्याच्या पदरात काय पडते, या दोन प्रश्नांची उत्तरे निरीक्षणाने शोधून त्यानुसार उपाययोजना करणाऱ्या शास्त्रास उपयोजित वर्तन-विश्लेषण असे म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासनमान्य शाळांवर समावेशक शिक्षणाचे दायित्व आले आहे. त्यामुळे या शास्त्राची ओळख केवळ मानसतज्ज्ञांपुरती न राहता शिक्षक, साहाय्यक व मदतनीस या सर्वांना होणे अगत्याचे आहे.

शास्त्राची बैठक

वर्तनाच्या परिणामांवर त्या वर्तनाची पुनरावृत्ती अवलंबून असते, हा सिद्धान्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांच्या आधारे मांडला. कॅन्सस विद्यापीठातील बेअर, वुल्फ व रिस्ली यांनी १९६८ साली या विचाराच्या व्यावहारिक उपयोगाची दिशा निश्चित केली. त्याच वर्षी हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सस सिटीतील शाळांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलीतील एक आणि तिसरीतील पाच अशा सहा मुलांकडे, ती अभ्यासात गुंतलेली असतानाच शिक्षकांनी आवर्जून लक्ष दिले. परिणामी त्यांचे अभ्यासातील लक्ष वाढले. काही काळ हा क्रम उलटा करताच ते पुन्हा घटले. मुले तीच होती, वर्गही तेच होते. बदलले होते ते शिक्षकांचे वागणे.

म्हणूनच या प्रशिक्षणाचा आरंभ मुलापासून न होता कर्मचाऱ्यापासून होतो. गणिताच्या तासाला रडणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. त्याला व्हरांड्यात उभे केले जाते. शिक्षकांच्या दृष्टीने ही शिक्षा असते. परंतु मुलाच्या दृष्टीने नकोशा गणितातून ती सुटका ठरते. साहजिकच दुसऱ्या दिवशी ते अधिक लवकर रडते. घटनेपूर्वी काय घडले, मूल नेमके काय वागले आणि त्यानंतर काय झाले, अशा तीन रकान्यांची नोंद आठवडाभर ठेवली, तर हा उलगडा सहज होतो. मग उपायही वेगळा सुचतो. उदाहरणे कमी व सोपी द्यावीत, आणि रडण्याऐवजी ‘मला मदत हवी’ असे सांगण्यास किंवा हात वर करण्यास मुलाला शिकवावे.

प्रशिक्षण कसे असावे?

केवळ व्याख्याने ऐकून हे कौशल्य अंगी बाणत नाही. त्यासाठी चार पायऱ्यांची पद्धत रूढ आहे : प्रथम स्पष्ट सूचना, नंतर प्रात्यक्षिक, त्यानंतर प्रशिक्षणार्थीचा स्वतःचा सराव आणि अखेरीस त्यावर तत्काळ अभिप्राय. अपेक्षित कृती बिनचूक जमेपर्यंत शेवटच्या दोन पायऱ्यांची आवृत्ती करावयाची असते. अमेरिकेत २०१४ पासून वर्तन-तंत्रज्ञांसाठी सुरू झालेल्या नोंदणी पद्धतीत किमान ४० तासांचे प्रशिक्षण, कौशल्याची प्रत्यक्ष चाचणी आणि त्यानंतरही तज्ज्ञांची सततची देखरेख यांचा समावेश करण्यात आला. देखरेखीवाचून शिकलेले तंत्र अल्पावधीत विस्कळीत होते, हा त्यामागील अनुभव होय.

तंत्राला मर्यादेची जोड

तंत्र हाती आले, परंतु आचारसंहिता आली नाही, तर काय घडते याचे विदारक उदाहरण फ्लोरिडा राज्यात दिसून आले. मायामीजवळील सनलँड या निवासी संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना वर्तन-सुधारणेच्या नावाखाली मारहाण करण्यात येत होती, साबणाने तोंड धुण्याची शिक्षा दिली जात होती आणि अवाजवी बांधून ठेवण्यात येत होते. १९७२ साली चौकशीतून हे उघडकीस आले. त्यानंतर त्या राज्यात मार्गदर्शक नियम तयार झाले, पुढे परीक्षा सुरू झाली आणि १९९८ साली वर्तन-विश्लेषकांच्या प्रमाणनासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. आचारसंहिता ही या शास्त्राला मागाहून चिकटवलेली शोभा नसून, मुलांनी भोगलेल्या यातनांतून निघालेला तो धडा आहे.

आपल्याकडे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ यातील कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. गोवा बाल अधिनियम, २००३ यानेही शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे. कोणत्याही ‘वर्तन-योजने’च्या आडोशाने हा प्रतिबंध ओलांडता येणार नाही. याखेरीज प्रत्येक कर्मचाऱ्याने पुढील पथ्ये पाळावीत :

१. योजना आखण्यापूर्वी पालकांशी चर्चा करून त्यांची संमती घ्यावी.

२. मुलासंबंधीच्या नोंदी कुलूपबंद ठेवाव्यात; शिक्षकांच्या खोलीत, बसमध्ये किंवा भ्रमणध्वनीवरील गटांत त्यांची चर्चा करू नये.

३. जे घडले तेच लिहावे. यश दाखविण्यासाठी आकडे बदलणे हा मुलाशी केलेला द्रोह होय.

४. जेवणाचा डबा, पाणी, शौचास जाण्याची मुभा व मधली सुट्टी ही मुलाची हक्काची आहेत. ती बक्षीस म्हणून राखून ठेवू नयेत.

५. स्वमग्न मूल हात हलवीत असेल किंवा डोलत असेल आणि त्यापासून कोणासही इजा होत नसेल, तर ते थांबविण्याचा अट्टाहास धरू नये.

६. आपल्या प्रशिक्षणाच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न दिसताच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मुख्याध्यापकांनी याचा प्रारंभ मोठ्या योजनेने करण्याची आवश्यकता नाही. एक वर्ग, एक मूल आणि तीन रकान्यांची एक वही एवढी सामग्री पुरेशी आहे. त्या वहीत मुलाच्या वागण्याइतकेच आपले वागणेही प्रामाणिकपणे उतरले, तर प्रशिक्षणाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.