हॅम्पडेन पार्कवरचे दहा गोल

१८ मे १९६०, ग्लासगो. युरोपियन कपच्या अंतिम सामन्याला हॅम्पडेन पार्कवर सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक होते. एकीकडे सलग चार वेळा कप जिंकलेला रेआल माद्रिद, दुसरीकडे पश्चिम जर्मनीचा आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट. हा संघही लेचापेचा नव्हता. उपांत्य फेरीत त्यांनी ग्लासगोच्याच रेंजर्सला दोन सामन्यांत मिळून १२-४ असं धुतलं होतं.

गंमत म्हणजे हा सामना होतो की नाही, अशीच वेळ आली होती. १९५४चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन खेळाडूंनी उत्तेजकं घेतली होती, असा आरोप रेआलच्या फेरेन्त्स पुश्काशने केला होता. त्यामुळे तो असलेल्या संघाशी खेळायला जर्मन महासंघाची बंदी होती. पुश्काशने लेखी माफी मागितली, तेव्हा कुठे तिढा सुटला.

पहिला गोल फ्रँकफुर्टच्या क्रेसचा, १८व्या मिनिटाला. मग रेआलच्या अल्फ्रेदो दि स्तेफानोने तीन मिनिटांत दोन गोल ठोकले आणि मध्यंतराआधी पुश्काशने डावीकडच्या अवघड कोनातून तिसरा. उत्तरार्धात तर धमालच: ७१ ते ७५ या मिनिटांत चार गोल, दोन्ही बाजूंना दोन-दोन.

निकाल ७-३. पुश्काशचे चार, दि स्तेफानोचे तीन. दोघंही तेव्हा ३३ वर्षांचे, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने निवृत्तीला टेकलेले! रेआलचा हा सलग पाचवा कप.