खडीचे चित्र

‘शॉटर’ या चित्रात १२ चौकोनांच्या २२ ओळी आहेत. वरचे चौकोन फरशीसारखे नीट बसलेले. खाली येता येता ते कलू लागतात, जागा सोडतात आणि तळाशी नुसता पसारा होतो. शॉटर म्हणजे जर्मनमध्ये खडी. नाव अगदी चपखल.

१९६८च्या सुमारास हे चित्र करणारे गेओर्ग नेस सीमेन्स कंपनीत गणितज्ञ होते. त्यांनी यातली एकही रेघ हाताने ओढली नाही, फक्त नियम लिहिला: चौकोन किती फिरवायचा, किती सरकवायचा हे संगणकाने यादृच्छिक आकड्यावरून ठरवावे, मात्र ही मुभा ओळीगणिक वाढत जावी. रेघा मारल्या त्या पेन धरून चालणाऱ्या प्लॉटरने. आकडे बदलले की चित्र बदलते, घडण तीच राहते.

मग कलाकार कोण? फासे यंत्राने टाकले हे खरे, पण पट माणसानेच आखला. पॅरिसच्या व्हेरा मोल्नार तर संगणक हाती येण्याआधीच स्वतःला नियम घालून हाताने अशी चित्रे काढत. या पद्धतीला त्या ‘काल्पनिक यंत्र’ म्हणत. खरा संगणक त्यांना १९६८मध्ये मिळाला.

आज ‘प्रोसेसिंग’ हे मोफत सॉफ्टवेअर घेतले, तर शॉटर घरच्या संगणकावर वीस-पंचवीस ओळींच्या कोडमध्ये काढता येते.