जुनी गाडी, चालती गाडी (भाग ६) : सेल्फ जड का फिरतो?

‘बॅटरी परवाच बदलली, तरी सेल्फ जड फिरतो.’ प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्यांची ही हमखास तक्रार. यावर पुन्हा नवी बॅटरी, मग नवा सेल्फ, असा खर्च वाढत जातो आणि खरा दोष बहुतेकदा एखाद्या गंजलेल्या जोडात तसाच राहतो. सुटे भाग बदलण्याआधी मोजमाप केले, तर हा खर्च वाचतो.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट या नावाने बनलेली ही गाडी 1974 मध्ये ‘पद्मिनी’ झाली. टॅक्सी म्हणून तिने 30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईचा निरोप घेतला. आता उरलेल्या पद्मिनी बहुधा हौशी मालकांकडे आहेत आणि आठवडाभर उभ्या असतात. हे उभे राहणेच बॅटरीला भोवते. वापर नसला तरी ती आपोआप उतरते आणि दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचते.

या भुकटीने किती बिघडते? 1089 सीसीचे थंड इंजिन फिरवताना सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. वाटेतल्या एखाद्या जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढा रोध असला, तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. एवढा सूक्ष्म रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम-मापनात नीट दिसतच नाही. तो पकडायचा तर सेल्फ फिरत असताना व्होल्ट मोजावे लागतात.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी, आणि 12 च्या खाली असेल तर आधी चार्जिंग, मग पुढची तपासणी. यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढावी आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. या वेळी बॅटरीचा व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतो आहे. तो अकराच्या वर टिकून इंजिन मात्र रडतखडत फिरत असेल, तर वीज वाटेत अडते आहे.

कुठे अडते, तेही मीटरच सांगतो. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरे सेल्फच्या जाड टर्मिनलवर. सेल्फ फिरताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. मग निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजावे. इथे 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. टोक खांबालाच लावायचे, क्लॅम्पला नाही. नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला दोष निसटतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून बॉडी आणि इंजिन जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी लागते. रिस्टोरेशनमध्ये गाडी नखशिखांत रंगवली जाते, पट्टीखालीही रंग बसतो आणि देखणी झालेली गाडी सेल्फला मात्र दाद देत नाही. मग वीज दुसरी वाट शोधते. सेल्फ मारल्यावर चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागली, तर अर्थिंग गेल्याची ती पक्की खूण. पट्टीखालचा रंग खरवडून धातू चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलिन लावावे.

दोन्ही बाजू ठीक आणि सेल्फपर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचत असतील, तर मगच सेल्फ उतरवावा. आत कार्बन झिजलेले असतात, कम्युटेटर काळा पडलेला असतो किंवा बुश सैल होऊन आर्मेचर आतल्या पोलना घासत असते. बुश आणि कार्बन बदलता येतात. त्यासाठी मूळ सेल्फ भंगारात काढू नये. प्लग काढूनही इंजिन हाताने जड फिरत असेल, तर दोष विजेचा नाही. इंजिन फक्त तापल्यावर अडखळत असेल, तर इग्निशन टायमिंग पुढे गेले आहे का, ते पाहावे.

सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक बीटलमध्ये, हे सारे अधिक काटेकोर असते. तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाडच हवी. त्या काळातल्या मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. तिथे जोडणी उलटी करण्याची चूक महागात पडते.

वाचकांनी या आठवड्यात आपल्या गाडीची ही चार मापे घ्यावीत आणि तारखेसह वहीत नोंदवावीत. बॅटरी रोजच उतरत असेल, तर चार्जिंग तपासायला हवे. पुढील भागात डायनॅमो आणि कटआउट.