डाव्या खुर्चीतून एअरबस ए320
उभ्या विमानात कॅप्टनच्या खुर्चीत बसायला मिळालं! समोर स्टीअरिंग नाहीच, तिथे ओढून काढायचं छोटं टेबल. विमान वळवायचं ते डाव्या हाताच्या साइडस्टिकने. 1988 मध्ये सेवेत आलेल्या ए320 ने प्रवासी जेटमध्ये डिजिटल फ्लाय-बाय-वायर आणलं: हाताची हालचाल आधी कॉम्प्युटरकडे, मग विजेच्या संदेशाने पुढे. एकाने स्टिक हलवली तरी शेजाऱ्याची जागची हलत नाही. हे मला अजूनही खटकतं. डोक्यावरचं पॅनेल मात्र अप्रतिम! सगळं सुरळीत असेल तर बहुतेक दिवे बंदच, त्यामुळे बिघाडाचा दिवा लगेच डोळ्यात भरतो. आणि चाकांच्या लिव्हरची मूठ चाकाच्याच आकाराची, न बघता हाताला कळावी म्हणून. संधी मिळाली तर ती नक्की बघा.