दुखत नाही, म्हणजे नाहीच असं नाही

लोकलच्या डब्यातली ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’वाली स्टिकर्स बघून तुम्हीही हसला असाल. पण त्या यादीतला एक आजार खरोखरच इतका गुप्त आहे, की ज्याला झालाय त्यालाही पत्ता नसतो. त्याचं नाव क्लॅमिडिया.

हा बॅक्टेरिया शरीरसंबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे १३ कोटी प्रौढांना त्याची नव्याने लागण झाली. बहुतेक मुलींना आणि बऱ्याच मुलांना काहीच जाणवत नाही. कुणाला लघवीला जळजळ झालीच, तर ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणत धने-जिऱ्याच्या पाण्यावर निभावलं जातं. इकडे मुलींमध्ये इन्फेक्शन हळूच बीजवाहिन्यांपर्यंत चढू शकतं. तिथे व्रण राहिले की पुढे दिवस राहायला अडचण येते, कधी गर्भ नळीतच रुजतो. मुलांनाही अंडकोषाजवळ दुखरी सूज येऊ शकते.

टेस्ट अगदी साधी आहे. लघवीचा नमुना किंवा स्वॅब द्यायचा, बस. तपासणीचं नाव ‘नॅट’. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात ती सहसा नसते, मागून घ्यावी लागते.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच. डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न येतो, ‘लग्न झालंय?’ तुम्ही ‘नाही’ म्हणता आणि विषय संपतो. (लग्नाचा आणि बॅक्टेरियाचा संबंध काय, देव जाणे!) तेव्हा उत्तर पूर्ण द्या: ‘नाही, पण सेक्शुअली अ‍ॅक्टिव्ह आहे. क्लॅमिडियाची टेस्ट करायचीय.’ अठरा पूर्ण असतील तर आईबाबांच्या सहीची गरज नाही.

जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे समुपदेशन आणि औषधं मोफत मिळतात. पण तिथले उपचार बहुतांशी लक्षणं बघून ठरतात. लक्षणंच नसतील तर ‘नॅट होते का?’ हे स्पष्ट विचारा, नाहीतर खासगी लॅब गाठा. आधी फोनवरच बोलायचं असेल, तर एचआयव्ही आणि लैंगिक आजारांसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

किती वेळा करायची? अमेरिकेतल्या सीडीसीची शिफारस आहे की सेक्शुअली अ‍ॅक्टिव्ह असलेल्या, पंचविशीच्या आतल्या मुलींनी दरवर्षी करावी. मुलांशी संबंध असलेल्या मुलांनीही. कंडोममुळे धोका बराच कमी होतो. गर्भनिरोधक गोळ्यांचा इथे काडीचा उपयोग नाही.

पॉझिटिव्ह आली तरी हातपाय गाळू नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स बहुधा सात दिवसांचा असतो, त्याने हा आजार बरा होतो. रूममेटच्या उरलेल्या स्ट्रिपमधली गोळी मात्र नको. कोर्स होईपर्यंत संबंध बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. पार्टनरनेही उपचार घ्यायलाच हवेत, नाहीतर दोघांत नुसती टोलवाटोलवी चालू राहते. ‘माझी क्लॅमिडियाची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, तूही डॉक्टरांना भेट’ एवढा मेसेज पुरे. ‘कुणाकडून आलं?’ हे त्यात लिहू नका. लागण कित्येक महिने गप्प बसलेली असू शकते, त्यामुळे ते बहुतेकदा कळतही नाही.