उत्स्फूर्त नाट्यखेळ

उत्स्फूर्त नाट्यखेळ : लिखित संहिता वा वेशभूषा यांवाचून, ऐनवेळी सुचणाऱ्या कृती, ध्वनी व संवाद यांच्या आधारे समूहाने खेळावयाचे छोटे नियमबद्ध खेळ. नाटकाच्या तालमीच्या आरंभी, तसेच शाळा, शिबिरे व कार्यकर्त्यांच्या बैठका यांत मुख्य कामापूर्वी ते सामान्यतः पाच ते पंधरा मिनिटे घेतले जातात. शरीर सैल करणे, अवधान एकवटणे आणि परस्परांविषयीचा संकोच घालविणे, हे त्यांचे प्रमुख हेतू होत.

या खेळांची आधुनिक पद्धती मुख्यत्वे अमेरिकेतील शिकागो शहरात विकसित झाली. तेथील हल हाउस या समाजसेवाकेंद्रात नेव्हा बॉइड यांनी सामूहिक खेळांचा शैक्षणिक उपयोग केला. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन (१९०६–९४) यांनी १९३९ नंतर स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना नाट्यतंत्राची अंगे खेळांत रूपांतरित केली. त्यांचा इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर हा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश नाट्यशिक्षक कीथ जॉन्स्टन (१९३३–२०२३) यांनी इंप्रो (१९७९) या ग्रंथात उत्स्फूर्ततेला अडसर ठरणाऱ्या भीतीचा विचार केला, तर ब्राझीलचे नाटककार आउगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी असे खेळ सामाजिक प्रश्नांच्या चर्चेशी जोडले.

स्वरूप : ‘आरसा’ या खेळात दोघे समोरासमोर उभे राहतात, एकाच्या संथ हालचाली दुसरा प्रतिबिंबाप्रमाणे करतो व काही वेळाने भूमिका बदलतात. ‘टाळी फिरविणे’ यात वर्तुळातील प्रत्येकजण शेजाऱ्याच्या नजरेला नजर देऊन त्याच्याबरोबर टाळी वाजवितो व ती पुढे सोपवितो. ‘शब्दसाखळी’त प्रत्येकाने एकेक शब्द जोडून सर्वांनी मिळून गोष्ट सांगावयाची असते. ‘काय करतोस?’ या खेळात एकजण मूकाभिनयाने ज्वारी पाखडत असतो. शेजाऱ्याने विचारल्यावर तो ‘शेळीची धार काढतो’ असे भलतेच उत्तर देतो आणि विचारणाऱ्याला तीच कृती करावी लागते. या सर्वांत खेळाडूचे लक्ष स्वतःच्या दिसण्यावरून काढून समोरच्या व्यक्तीवर वा ठराविक कृतीवर खिळविलेले असते. संकोच ओसरण्याचे हेच मुख्य कारण होय. विचार करीत बसण्यास सवड न मिळाल्याने पहिले सुचलेले उत्तर बाहेर पडते, आणि ते साथीदार स्वीकारतो हा अनुभव विश्वास निर्माण करतो.

लोकपरंपरेतील साधर्म्य : महाराष्ट्रात समयसूचक संवादाची परंपरा जुनी आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी ही अनेक घराण्यांची कुलदेवता असून विवाहादी कार्यानंतर तिच्या नावाने गोंधळ घालतात. संबळ, तुणतुणे व झांज यांच्या साथीवर ठिकठिकाणच्या देवदेवतांना आवाहन केले जाते. विखुरलेले श्रोते त्या सामायिक लयीने एकत्र बांधले जातात. पुढे आख्यान लावणाऱ्या नायकाला साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, त्याच्या बोलण्याचा भलताच अर्थ लावतो आणि नायकाला तो धागा पकडूनच कथा पुढे न्यावी लागते. रात्रभर श्रोत्यांना जागे ठेवण्याचे सामर्थ्य या देवघेवीत असते. तमाशातील बतावणीतही सोंगाड्याची हजरजबाबी अशीच उपयोगी पडते. तथापि गोंधळ हा विधी आहे व त्यामागे कंठस्थ आख्यानांचा साठा आणि दीर्घ उमेदवारी असते. नाट्यखेळ मात्र कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्यांसाठी योजलेले असतात. त्यामुळे एकातून दुसऱ्याचा उगम मानता येत नाही. समोरच्याचे बोलणे न नाकारता पुढे नेणे, हे दोहोंतील समान तत्त्व आहे.

पथ्ये : खेळ निवडताना चुकीला कोणती वागणूक मिळते, हे प्रथम पाहणे आवश्यक असते. ‘शिवाजी म्हणतो’सारख्या बाद करण्याच्या खेळात मंद वा लाजाळू व्यक्ती सर्वांत आधी बाहेर पडते, म्हणजे ज्याला खेळाची गरज अधिक, तोच प्रेक्षक बनतो. अशा वेळी चुकणाऱ्यास बाद न करता सर्वांनी टाळी वाजवून खेळ पुन्हा सुरू करणे श्रेयस्कर. आरंभ सर्वांनी एकाच वेळी करावयाच्या कृतींनी करावा, नंतर जोड्या कराव्यात आणि एकट्याने पुढे येण्याचे खेळ शेवटी, तेही ऐच्छिक ठेवावेत. ग्रामीण भागातील मिश्र समूहांत स्पर्श, धावपळ व वस्त्रांची अडचण ध्यानात घ्यावी लागते. वृद्धांसाठी तेच खेळ बसून घेता येतात. जात, व्यवसाय, बोली वा शारीरिक व्यंग यांच्या नकलांवर हशा पिकू लागल्यास खेळ थांबविणे इष्ट, कारण त्यातून गावातील उच्चनीचता खेळातही शिरते. सरपंच व शेतमजूर एकाच वर्तुळात उभे राहिले, तरी पहिल्या चुकीला हसणारा कोण आणि हसे होणारा कोण, यावरच ते वर्तुळ खरे की दिखाऊ, हे ठरते. पुढील बैठकीत कोण बोलेल आणि कोण गप्प राहील, हेही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.